वाचकांचे प्रश्न : विनोदी दिग्दर्शनाची वाट

प्रश्न : मी सेलूत एकांकिका बसवतो. विनोदी जाहिराती करत पुढे दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शन करता येईल का? – एक वाचक, जि. परभणी

उत्तर : येईल, परंतु जाहिरातीची संहिता बहुधा जाहिरात संस्थेत लिहून, ग्राहक कंपनीने मंजूर केल्यावरच दिग्दर्शकाकडे येते, त्यामुळे त्याचे कसब कथेपेक्षा वेळ साधण्यात दिसते. सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे एकापाठोपाठ दिसणारी स्थिर चित्रे) धरल्यास ३० सेकंदांत ७५० फ्रेम मिळतात. समजा, बशीतल्या चहावर फुंकर घालणारे सासरे जावयाचा पगार ऐकून थबकतात. तो थबकलेला चेहरा बारा फ्रेम ठेवला तर हशा येतो, चाळीस ठेवला तर तोच प्रसंग केविलवाणा होतो. (एकांकिकेत हा हिशेब प्रेक्षकच करून देतात, हे तुम्ही जाणताच.) मालिकेत मात्र रोज ठरावीक मिनिटांचे चित्रण उरकावे लागते आणि वाहिनीचा शब्द शेवटचा असतो.

शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणी दिग्दर्शन शिकवले जाते. तथापि, मुंबईत साहाय्यक दिग्दर्शक म्हणून काही वर्षे काढण्याला पर्याय नाही. तोवर स्थानिक दुकानांसाठी दोन-तीन छोट्या जाहिराती स्वतः करून ठेवा, कारण निर्माते आधी त्याच मागतात.