छोट्या गाडीत टायरचा आणि रस्त्याचा आवाज फार येतो. पूर्ण गाडीला डॅम्पिंग (आवाज कमी व्हावा म्हणून पत्र्याला आतून शीट चिकटवणं) करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी चार वर्षांची हॅचबॅक आहे, ४५ हजार किलोमीटर झालेत, टायर अजून कंपनीचेच आहेत. गावात काही वाटत नाही, पण एक्स्प्रेसवेवर ८० च्या पुढे गेलं की आत सलग घूंऽऽ सुरू होतं आणि मागे बसलेल्यांशी ओरडून बोलावं लागतं. ॲक्सेसरीजवाल्याने पूर्ण गाडीच्या डॅम्पिंगचे ३५ हजार सांगितलेत.

मी तरी आत्ता देणार नाही. त्यातले बरेचसे पैसे टायरांवर घालेन, थोडेसे डिकीत, आणि छप्पर, बॉनेट, दारं यांच्या वाटेला जाणारच नाही.

आधी आवाज कसला आहे ते नक्की करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. पावसात पकड राहावी म्हणून असल्या रस्त्यावर काँक्रीट ओलं असतानाच आडव्या रेघा ओढून ठेवतात. टायर त्या रेघांवर एका लयीत आपटत जातो, म्हणून नुसती खरखर न होता एक सूर लागतो. समृद्धीवर ज्यांनी तासन् तास गाडी हाकली आहे त्यांना हा सूर चांगला ओळखीचा असेल. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथे वेग तोच ठेवून कान द्या. बटण बंद केल्यासारखा आवाज खाली आला तर तो टायर-रस्त्याचा. काहीच फरक पडला नाही तर वारा किंवा चाकाचं बेअरिंग. थोडा वेळ क्लच दाबून पाहा; इंजिनाचे फेरे उतरले तरी घूं तशीच राहिली तर इंजिनावर संशय घेऊ नका.

बेअरिंग आणि टायर यांच्यात मात्र भलेभले फसतात, कारण दोघांची गुणगुण जवळजवळ सारखीच असते. लांब, सौम्य वळणावर लक्ष द्या. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं; तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना दबला, तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघायला सांगा. गॅरेजवाला चाक जॅकवर उचलून हाताने फिरवतो आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवतो. बेअरिंग गेलेलं असेल तर स्प्रिंगमध्ये किरकिर हाताला लागते. यात डॅम्पिंगचा काही संबंध नाही. बेअरिंग बदलायचं आणि मोकळं व्हायचं.

तुमच्या बाबतीत माझा संशय मागच्या टायरांवर आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये मागची चाकं हलकी असतात, आणि टायर वेळच्या वेळी पुढे-मागे फिरवले नाहीत तर मागच्यांची नक्षी करवतीसारखी झिजते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण तळहाताला कळतं. गाडी उभी करून टायरवरून हात आधी पुढच्या दिशेने फिरवा, मग उलटा. एका बाजूने गुळगुळीत लागतो आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडते, असं असेल तर तुमची घूं सापडली. नक्षीची खोली भरपूर शिल्लक आहे, मग कशाला बदलायचा, असं टायरवाला म्हणेल. सुरक्षेच्या दृष्टीने तो बरोबर असेल, आवाजाच्या दृष्टीने नाही. टायर फिरवून आणि अलाइनमेंट करून पुढची झीज थांबते, झालेली करवत मात्र लवकर जात नाही. शिवाय रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नवीन टायर घेतानाही हे आकडे वाचा. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला माल ‘ऑफर’मध्ये गळ्यात मारतात.

नवे घेताना रुंद टायर आणि मोठ्या अलॉयचा मोह टाळा. एक उदाहरण देतो. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटर), दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. १६५/८० आर १४, १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ या तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास. पण रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत पहिल्यात १३२ मिलिमीटर, दुसऱ्यात १२०, तिसऱ्यात १०७. हादरा शोषायला ही भिंत आणि आतली हवा एवढंच काय ते आहे. शांतता हवी असेल तर कंपनीने दिलेलं माप ठेवा आणि त्यात आरामासाठी बनवलेला टायर मागा, जास्त चालणारा म्हणून खपवलेला नको. ‘साठ-सत्तर हजार किलोमीटर जातो’ ही जाहिरात सहसा कडक रबराची असते. युरोपातल्या टायरच्या लेबलवर डेसिबलचा आकडा छापलेला असतो, तो बघून भुलू नका. तो रस्त्याच्या कडेला, ७.५ मीटरवर ठेवलेल्या माइकने मोजलेला, म्हणजे बाहेरच्या माणसाला ऐकू येणारा आवाज आहे. तुमच्या कानापर्यंत काय पोचतं ते त्यात नाही.

हवेबद्दल दोनच शब्द. पंपावरचा पोऱ्या न विचारता ३८-४० पीएसआय भरतो आणि टायर दगड होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा थंड टायरमध्ये भरा. आवाज कमी व्हावा म्हणून त्याच्याही खाली जाऊ नका. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. नायट्रोजनने गाडी शांत होते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता डॅम्पिंग. दुकानात मिळते ती ॲल्युमिनियम फॉइल लावलेली ब्यूटाइल रबराची शीट आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं मारते. हा फरक दुकानदार सांगत नाही. स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात बोटाच्या पेराने टकटक करा. टण्ण वाजतं. मध्यभागी तळहाताएवढा तुकडा दाबून चिकटवा आणि पुन्हा वाजवा: थप्प. म्हणजे पत्रा इंच न् इंच मढवायची गरज नसते, मोकळ्या सपाट भागाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा झाकला तरी बरंचसं काम होतं. पूर्ण पॅकेजमध्ये मात्र चौरस फुटावर पैसे लावतात, त्यामुळे छप्परही आलं आणि बॉनेटही आलं. वर गाडीत तीस-चाळीस किलो वजन कायमचं वाढतं ते वेगळंच.

हॅचबॅकची खरी दुखती जागा मागे असते. सेडानमध्ये डिकी ही वेगळी खोली असते. तुमच्या गाडीत मागच्या चाकांच्या कमानी आणि तुमचे कान एकाच खोलीत आहेत, मध्ये एक प्लास्टिकचं आवरण आणि पातळ कारपेट. मी माझ्या गाडीची डिकी उघडली तेव्हा कमानीवर आतून काहीच नव्हतं, उघडा रंगवलेला पत्रा. तिथे मी आधी ब्यूटाइल लावलं, लहान रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबलं, आणि त्यावर बंद छिद्रांचा फोम. कमान आणि आवरण यांच्यातल्या पोकळीत पाणी न पिणारं जाड फेल्ट भरलं. फोनच्या ॲपवर बघाल तर हा फरक दोन-तीन डेसिबलच्या पुढे जात नाही, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा लागतात. तरीही मागच्या सीटवरून बोललेलं नीट ऐकू येतं, कारण चाकाखालचे खडे आणि पाण्याचे फटके आत पोचत नाहीत. डिकीवरचा पार्सल ट्रे काढून ठेवला असेल तर आधी तो बसवा. फुकटातला उपाय आहे.

स्वस्त डांबरी शीट मात्र घेऊ नका. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे बंद गाडी उन्हात उभी राहिली की ती मऊ पडते, वास सोडते आणि कधी घसरून खालीही येते. दारांचं काम कोणी गळ्यात मारलंच तर दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजू देऊ नका, पहिल्याच पावसाळ्यात आत तळं साचेल. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना दुकानातल्या पोराने हात लावता कामा नये. आणि शोरूममध्ये अंडरबॉडी कोटिंग ‘आवाजासाठी’ म्हणून विकतात ते गंज टाळायला ठीक आहे, आवाजासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा चाकामागचं प्लास्टिकचं लायनर फाटलंय का किंवा त्याच्या क्लिपा पडल्यात का ते वाकून बघा. चाकामागचा तो एकच पडदा, आणि कित्येक गाड्यांचा लोंबत असतो.

डांबरावर येऊनही आवाज तसाच राहिला आणि तो खांद्याच्या वर, काचेकडून येत असेल, तर दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, तपासा. दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तिथे रबर दबलंय. बाजारात चिकटवायचं बीडिंग स्वस्तात मिळतं, पण जाड घेतलंत तर दार आपटल्याशिवाय लागणार नाही. पातळच घ्या, आणि आधी एकाच दाराला लावून बघा.