उत्तरं बाराशे, पण कोणाची?

प्रश्न : एम.एड.च्या प्रबंधासाठी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गूगल फॉर्म पाठवला. बाराशे उत्तरं आली. याला यादृच्छिक नमुना म्हणू का? (परभणी)

नाही. बाराशेचे बारा हजार झाले तरी नाही. यादृच्छिक नमुन्यात कोण येणार हे चिठ्ठी ठरवते. तुमच्याकडे ते शिक्षकांनीच ठरवलं. जे गटात होते, ज्यांना सवड होती, ज्यांना या विषयावर काही बोलायचं होतं, तेच आले.

१९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींतून काढले होते. मंदीच्या काळात या गोष्टी खात्यापित्या घरांकडेच जास्त असत. शिवाय रूझवेल्टविरोधकांनी उत्तरं अधिक उत्साहानं धाडली.

प्रबंधात 'सोयीस्कर नमुना', म्हणजे जे सहज मिळाले त्यांचा नमुना, असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. वेळ असेल तर जिल्ह्यातल्या शिक्षकांची यादी मिळवा, तालुकावार चिठ्ठ्या टाकून तीन-चारशे नावं काढा आणि उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा फोन करा. ही तीनशे उत्तरं मला त्या बाराशेंपेक्षा मोलाची वाटतात.

प्रश्न : मार्गदर्शक म्हणतात, नमुना ३८४ चा घ्या. हा आकडा कुठून आला? (सोलापूर)

१.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग : उत्तर ३८४.१६. १.९६ हा ९५ टक्के विश्वासपातळीचा आकडा, म्हणजे असे शंभर नमुने काढले तर साधारण पंच्याण्णवांत उत्तर ठरलेल्या मर्यादेत येतं. ०.५ म्हणजे निम्मे हो, निम्मे नाही, ही सर्वांत जास्त नमुना लागणारी स्थिती. ०.०५ म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. मोठ्या लोकसंख्येला तिच्या आकारानं यात जवळजवळ फरक पडत नाही. पण हे गणित साध्या यादृच्छिक नमुन्याचं आहे. आधी शाळा निवडून मग त्यातली मुलं घेणार असाल, तर एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून संख्या वाढवावी लागते. प्रत्येक तालुक्याचा वेगळा निष्कर्ष हवा असेल, तर ३८४ मध्ये भागणार नाही.

प्रश्न : आमच्या सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगाला आलेले कर्मचारी ठरलेली जागा सोडून 'इथं पीक बरं उभं आहे' म्हणत दुसरीकडे दोरी लावू लागले. एवढ्यानं काय बिघडतं? (वाशीम)

फार बिघडतं. या प्रयोगात शेताचा एक तुकडा दोरीनं आखून, कापून, त्याच्या वजनावरून उत्पादन ठरवतात. दाट पिकात दोरी पडली की उत्पादन फुगतं आणि पीकविम्याची भरपाई अख्ख्या महसूल मंडळाची कमी होते. मुद्दाम विरळ जागा धरली तर उलटी चूक. म्हणूनच गट क्रमांक आणि शेतातली जागा, दोन्ही यादृच्छिक आकड्यांनी ठरवतात.

या प्रयोगांच्या शास्त्रात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बंगालमधल्या सर्वेक्षणांत कापणीचे तुकडे लहान असत. तुकडा फार लहान असला की उत्पादन जास्त दिसतं, हे सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात प्रत्यक्ष कापण्यांतून दाखवलं. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की हात ते आत ओढतो. एक बाय एक मीटरच्या तुकड्यात एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते, दहा बाय पाचच्या तुकड्यात फक्त ०.६ मीटर. कड जितकी कमी, तितकी ही चूक कमी. तुमच्याकडे जागा बदलली जात असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या आणि पंचनाम्यात ती लिहून घ्यायला लावा.

प्रश्न : सर्वेक्षणासाठी दर दहावं घर घेतलं तर चालेल? (ठाणे)

चालेल. मात्र पहिलं घर एक ते दहामधून चिठ्ठीनं काढा. इमारतीत दर दहावं घर कोपऱ्याचं, मोठं येत नाही ना, तेवढं आधी फिरून पाहा. दार बंद असेल तर शेजारचं घेऊ नका, संध्याकाळी पुन्हा जा.