उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला पहिल्यांदा जाताय?

नवी लेन्स घ्यायची घाई नको, आहे ती पुरे. होडीत बसण्याआधीच नावाड्याला बजावा: थवा उडवायचा नाही. नवखे नेमके इथेच चुकतात. उडत्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) एका फोटोपायी चरणारे पक्षी उठवतात.

चोच पाण्यात असेल तोवर ठीक. माना वर झाल्या, थवा एकवटून चालू लागला, की होडी थांबवा.

- सूर्य पाठीशी, शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या आसपास.
- एक्स्पोजर (फोटोतला उजेड) जरा कमी, नाहीतर पांढरी पिसं फोटोत नुसती पांढरीफटक दिसतात.
- घरट्याचे फोटो नकोतच. फांदी बाजूला केली की कावळ्याला वाट मिळते.

भिगवण वर्षातून एकदा पुरे. घराजवळच्या तळ्यावर मात्र दर रविवारी जा. तोच खंड्या, तीच फांदी. सूर मारण्याआधी तो डोकं कसं खालीवर करतो, ते हळूहळू दिसू लागेल.