अलार्म 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो, मग लाईट 'गोज ऑफ' म्हणजे जाते कशी, आणि हे उलटसुलट अर्थ पाठ कसे करायचे, असं तुम्ही विचारलंय. पाठ करू नका. 'ऑफ' म्हणजे बंद, एवढंच मी शाळेत पाठ केलं होतं आणि पुढं त्यानंच तोंडघशी पाडलं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅच बघतो. आमचं कास्टिंग इंग्लंडमधल्या एका पंपात बसतं. तिकडून मेल आली, काल रात्री पंपाचा अलार्म दोनदा 'वेन्ट ऑफ'. मी लगेच कळवलं, बंद झाला हे वाचून बरं वाटलं. पुढची मेल थेट मालकांना गेली.

नंतर डिक्शनरी घेऊन बसलो. 'ऑफ' (off) आणि 'ऑव्ह' (of) हे मुळात एकच शब्द. साधारण १७ व्या शतकापर्यंत ते नीट वेगळे झाले. जुना अर्थ 'पासून, दूर'. 'बंद' हा अर्थ मागाहून आला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, हे तर आपलं 'सुटणं'!

रंकाळा स्टँडवरून पाचला एसटी सुटते आणि पाचलाच शाळा सुटते. एकीचं काम सुरू होतं, दुसरीचं संपतं. कुणाचा गोंधळ होतो का? वारं सुटतं, घाम सुटतो, गणित सुटतं, तंबाखू सुटते (सुटली तर), आणि रोज मिसळ हाणली की पोटही सुटतं. प्रत्येक वेळी काहीतरी अडकलेलं मोकळं होतं, मग ते सुरू झालं की संपलं हे कर्ता बघून आपण ठरवतो.

'गो ऑफ'चंही तसंच. बंदुकीचा चाप ओढला, अडवून धरलेला बार सुटला. जुन्या गजराच्या घड्याळात चावी दिलेली स्प्रिंग खिटीनं अडवलेली असते; वेळ झाली की खिटी सरकते आणि घंटा बडवली जाते. लाईटचं उलट, तिथं वीजच तुटते. म्हणून 'द अलार्म वेन्ट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ' हे वाक्य इंग्रजाला अजिबात विचित्र वाटत नाही: गजर झाला, म्हणून मी तो बंद केला.

बाकीचे अर्थ सोपे आहेत. माणूस 'गोज ऑफ' म्हणजे निघून जातो. कार्यक्रम 'वेन्ट ऑफ वेल' म्हणजे नीट पार पडला. एखाद्या गोष्टीवरून मन उडालं तर ब्रिटिश माणूस 'आय हॅव गॉन ऑफ इट' म्हणतो; आपलंही मन उडतंच, म्हणजे लांबच जातं. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं. गंगावेशीत म्हशीखाली पेला धरून धारोष्ण दूध पिणाऱ्याला या अर्थाची गरज पडणार नाही, ते सोडा. मात्र हा अर्थ मुख्यतः ब्रिटिश आहे. अमेरिकन माणूस दुधाला 'गो बॅड' म्हणतो.

मशीन, भट्टी, बॉयलर यांच्याबद्दल कुणी अलार्म 'वेन्ट ऑफ' लिहिलं, तर आधी फोन उचला. मेलला उत्तर मागाहून दिलं तरी चालतं.