बायोस्टॅटची धास्ती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : अकरावीला गणित सोडलं, नीटलाही गणित नव्हतं. आता पीएसएमच्या (सामाजिक आरोग्यशास्त्राच्या) तासाला फळ्यावर बायोस्टॅटचं, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राचं सूत्र आलं की पुढचं काही डोक्यात शिरत नाही. ‘पाठ कर आणि पास हो’ असं सीनियर सांगतात. गणित कच्चं असणाऱ्याला हे खरंच जमतं का?
– एमबीबीएस विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : जमतं. एमबीबीएसला लागणारं गणित बेरीज, भागाकार, टक्केवारी आणि वर्गमूळ एवढंच आहे, आणि वर्गमूळ कॅल्क्युलेटर काढतो. अडचण गणिताची कमी आणि क्रमाची जास्त आहे. आधी सूत्र, मग उदाहरण आणि वेळ उरला तर रुग्ण, या क्रमाने शिकवलं की सूत्र कशासाठी हेच कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीची भीती बसते.

विद्यार्थ्यांच्या या भावना मोजायला संख्याशास्त्राविषयीच्या दृष्टिकोनाची ३६ विधानांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात विषय आवडणं, जमेल असं वाटणं, उपयोग पटणं, अवघड वाटणं, उत्सुकता आणि मेहनतीची तयारी हे सहा भाग वेगळे मोजतात. ही विभागणी तुमच्याही कामाची आहे. तुमच्या पत्रात विषय निरुपयोगी असल्याची तक्रार नाही, ‘मला जमणार नाही’ ही धास्ती आहे. तिच्यावर उपयोगाची व्याख्यानं ऐकून काही होत नाही. हाताने उदाहरण सोडवूनच ती उतरते. आजच एक सोडवा.

एक आजार हजारात एकाला आहे. चाचणी प्रत्येक आजारी माणसाला पकडते, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. समोरच्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. १००० माणसं घ्या. आजारी १, तो पॉझिटिव्ह. निरोगी ९९९, त्यातले ५ टक्के म्हणजे साधारण ५० पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, खरा आजारी १. उत्तर सुमारे २ टक्के. हाच प्रश्न १९७८ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० विद्यार्थी आणि डॉक्टरांना विचारला होता. बरोबर उत्तर फक्त ११ जणांनी दिलं, आणि जवळजवळ निम्म्यांचं उत्तर ९५ टक्के होतं. तेव्हा गोंधळणारे तुम्ही एकट्या नाही.

आता तीच चाचणी लक्षणं असलेल्या रुग्णांवर करा, जिथे हजारात १०० जण आजारी आहेत. खरे पॉझिटिव्ह १००, खोटे ९०० च्या ५ टक्के म्हणजे ४५. १४५ पैकी १००, म्हणजे ६९ टक्के. चाचणी बदलली नाही, माणसं बदलली. सेन्सिटिव्हिटी (आजारी पकडण्याची क्षमता) आणि स्पेसिफिसिटी (निरोग्यांना निगेटिव्ह दाखवण्याची क्षमता) तीच राहूनही पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्याला खरंच आजार असण्याची शक्यता, का बदलते, हे एकदा असं कागदावर दिसलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

प्रश्न : व्हायवात (तोंडी परीक्षेत) एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि स्टँडर्ड एररमधला फरक विचारला की मी दर वेळी अडकतो.
– एमबीबीएस विद्यार्थी, मिरज

उत्तर : एसडी माणसांबद्दल बोलतो, म्हणजे ती एकमेकांपासून किती पसरली आहेत; स्टँडर्ड एरर तुमच्या सरासरीबद्दल, म्हणजे ती किती डळमळीत आहे. १०० गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन सरासरी ११ ग्रॅम आणि एसडी १.५ आहे असं धरा. मोजमापं नॉर्मल वाटणीत (घंटेच्या आकाराच्या आलेखात) असतील, तर साधारण ९५ टक्के स्त्रिया ११ च्या दोन्ही बाजूंना दोन एसडीत, म्हणजे ८ ते १४ मध्ये सापडतील. स्टँडर्ड एरर काढायला एसडीला नमुन्यातल्या संख्येच्या वर्गमुळाने भागा : १.५ भागिले १०, म्हणजे ०.१५. त्यावरून सरासरीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा, १०.७ ते ११.३ येतो. नमुना ४०० केला की स्टँडर्ड एरर निम्मा होईल. एसडी मात्र जवळपास तेवढाच राहील, कारण स्त्रियांमधला फरक काही तुम्ही जास्त जणी मोजल्याने कमी होत नाही.

पेपर वाचताना ‘±’ नंतरचा आकडा या दोन्हींपैकी कोणता, हे आधी शोधा. स्टँडर्ड एरर लहान असल्याने तो छापला की माणसांमधला पसारा फसवा लहान दिसतो.

प्रश्न : पी व्हॅल्यू ०.०४ आली, म्हणजे औषध लागू पडतं याची ९६ टक्के खात्री, बरोबर?
– इंटर्न, नागपूर

उत्तर : नाही. औषधाने मुळीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच तिचा अर्थ. फरक किती मोठा हे ती सांगत नाही. रक्तदाबाच्या औषधाने २ मिमीचा फरक पडला, एसडी १५ आणि प्रत्येक गटात २५०० रुग्ण असले, तर पी ०.००१ च्याही खाली जाते. फरक ८ मिमीचा पण गटात २०च रुग्ण असले, तर पी ०.१ च्या आसपास अडकते. म्हणून आधी फरक वाचा, मग कॉन्फिडन्स इंटरव्हल, पी शेवटी.

प्रश्न : थिसिसचा डेटा स्टॅटिस्टिशियनकडे दिला तर ‘हा वापरता येणार नाही’ म्हणाले. सॅम्पल साइजवरही गाइडनी शंका काढली. काय चुकलं असेल?
– पीजी रेसिडेंट, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बहुधा सर्वांत मोठी चूक वेळेची आहे. स्टॅटिस्टिशियनला सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहिताना, एथिक्स कमिटीच्या आधी भेटायचं असतं. डेटा गोळा झाल्यावर नमुना वाढवता येत नाही आणि न विचारलेला प्रश्न रुग्णाला पुन्हा विचारता येत नाही.

सॅम्पल साइजमध्ये गफलत होते ती ४पीक्यू भागिले एल वर्ग या सूत्रातल्या ‘एल’ची. इथे पी म्हणजे आजाराचं अपेक्षित प्रमाण (पी व्हॅल्यू नव्हे), क्यू म्हणजे १०० वजा पी, आणि एल म्हणजे चालेल एवढी चूक (एरर). पी २० टक्के, क्यू ८० टक्के. एल ५ टक्के सरळ धरला, तर ४ × २० × ८० भागिले २५, म्हणजे २५६. पण पी च्या १० टक्के धरला तर एल होतो २, आणि नमुना थेट १६००. ‘१० टक्के एरर’ एवढंच लिहिलं तर कोणता, हे परीक्षकाला कळत नाही. ‘ॲब्सोल्युट’ (सरळ टक्के) की ‘रिलेटिव्ह’ (पी च्या टक्के) ते लिहा. १० टक्के रुग्ण गळतील असं धरत असाल, तर २५६ ला ०.९ ने भागून २८५ घ्या. आणि हे सूत्र प्रमाण काढण्याच्या अभ्यासाचं आहे. दोन उपचारांची तुलना असेल तर ते चालत नाही.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या डेटाचा तक्ता, असा ठेवा : एका रुग्णाला एक ओळ, एका मोजमापाला एक रकाना. रक्तदाब ‘१२०/८०’ असा एका चौकटीत भरला की सॉफ्टवेअर त्याला मजकूर समजतं, त्यामुळे सिस्टोलिक आणि डायस्टोलिक वेगळे. वयाच्या चौकटीत ‘४५ वर्षे’ नाही, फक्त ४५. लिंगासाठी १ किंवा २; कुठे ‘एम’, कुठे ‘मेल’ असं झालं तर दोनाचे चार गट पडतात. माहिती नसेल तिथे शून्य कधीही भरू नका, कारण शून्य सरासरीत मोजलं जातं. लाल-हिरव्या रंगाने खुणा करू नका, चौकटी मर्ज करू नका. नावाऐवजी क्रमांक. पहिले १० रुग्ण भरून झाले की तेवढा चार्ट दाखवून घ्या, चूक तिथेच पकडली जाते.

आता चाचणी कोणती लावायची ते. त्याच रुग्णांची उपचारापूर्वीची आणि नंतरची मोजमापं असतील तर पेअर्ड टी टेस्ट. काय-स्क्वेअर (दोन गटांतली प्रमाणं ताडून पाहणारी चाचणी) लावताना चार घरांच्या तक्त्यात एखादा अपेक्षित आकडा ५ च्या खाली गेला तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही : जामोवी आणि आर मोफत मिळतात.

प्रश्न : १५० जणांच्या वर्गाला हा विषय शिकवताना मागचे बाक झोपलेले असतात. काय करावं?
– असिस्टंट प्रोफेसर, कम्युनिटी मेडिसिन

उत्तर : वर्गाचाच डेटा घ्या. प्रत्येकाने शेजाऱ्याची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायची. सगळे आकडे फळ्यावर मांडले की प्रत्येक आकडा चारने भाग जाणारा निघतो. असं का, हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात, आणि मोजमापातल्या त्रुटीचा धडा तिथून सुरू होतो. ओपीडीच्या रजिस्टरमधले रक्तदाब आणून शेवटचा अंक मोजायला लावा; शून्याची गर्दी लगेच दिसते.

पुढच्या तासाला त्याच नाड्यांच्या चिठ्ठ्या करा. वीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ५ चिठ्ठ्या उचलून सरासरी काढायची, मग प्रत्येकी ३० उचलून. प्रत्येकाने उचललेल्या चिठ्ठ्या परत टाकायच्या, तरच पुढच्याला पूर्ण वर्गातून नमुना मिळतो. पाचाच्या सरासऱ्या फळ्यावर लांब पसरतात, तिसाच्या जवळजवळ येतात. स्टँडर्ड एररचं सूत्र यानंतर लिहा, आधी नाही.