‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथावरून आज वाद्यवृंदासाठी नवी रचना करता येईल का?

येईल. पण तुम्ही पुढं विचारलंय की ग्रंथातल्या चाली जशाच्या तशा घ्याव्यात का, तर ते नको. मी परभणीत व्हायोलिन शिकवतो, लेकरांच्या वृंदासाठी थोडंफार लिहितो. माझं मत सांगतो: चाली सोडा, बांधणी घ्या.

चाली आहेत, नाही असं नाही. १३व्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं हा संगीतावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं जातींचे, म्हणजे रागांच्या आधीच्या स्वरचौकटींचे, प्रस्तार (स्वरविस्तार) चक्क सा-रे-ग-म लावून दिलेत. पण त्याचं शुद्ध सप्तक आजचं नव्हे. ते काफी थाटाच्या जवळचं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि श्रुतींवरची, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांवरची, भांडणं तर मिटतच नाहीत. ते स्वर पेटीवर काढून ‘प्राचीन संगीत’ म्हणून वाजवलं तर कानाला बरं लागेल, पण तो दावा काही खरा नसेल.

बांधणीचं तसं नाही. प्रबंधाचे, म्हणजे त्या काळच्या बांधीव गीतप्रकाराचे, उद्ग्राह (सुरुवात), मेलापक (जोड), ध्रुव (ध्रुपद) आणि आभोग (शेवट) हे भाग आजही जसेच्या तसे वापरता येतात. मेलापक गाळला तरी चालतं, ध्रुव मात्र ठेवायलाच लागतो. आणि वृंदाचं प्रमाण तर त्यानं आकड्यांत दिलंय: उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ त्यांना साथ देणारे, १२ गायिका, ४ बासरीवाले, ४ मृदंगवाले. ३२पैकी २४ गळेच! गायिकांच्या जागी व्हायोलिन, साथीदारांच्या जागी व्हायोला, मुख्य गायकांच्या जागी चेलो असं मी वाटून बघेन. बासऱ्या चारच, मृदंगाला पखवाज. कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक स्वर) शक्यतो टाळा, खाली तंबोऱ्याचा षड्ज धरून ठेवा.

जुन्यातून नवं कसं करायचं याचा नमुना हवा असेल तर इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सची १९१०ची फँटेसिया (मुक्त रचना) ऐका; ती टॅलिस या जुन्या इंग्रज संगीतकाराच्या चालीवर आहे. मूळ चाल १५६७ची, तिचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे. त्यानं चाल ठेवली, पण जुन्या गायनाची नक्कल केली नाही; तंतुवाद्यांचे मोठा वृंद, छोटा वृंद आणि चौकडी असे तीन गट केले आणि चाल त्यांच्यात फिरवली. सगळी गंमत जुनी चाल आणि नवी मांडणी यांच्यातल्या त्या अंतरात आहे.

आमच्याकडं चेलोवाला सहजी मिळत नाही, मी ती ओळ पेटीच्या खर्जात देतो. ताल कोणता धरताय ते कळवा. ग्रंथात देशी ताल १२० दिलेत, पण लेकरांकडून वाजवून घ्यायचं असेल तर सोपाच निवडा.