चौरागड आणि धूपगड एका दिवसात: निघण्याआधी वाचून ठेव

नागपूर

अनेक आशीर्वाद.

तुझा पचमढीचा बेत वाचला: डिसेंबरचा पहिला आठवडा, चौघं जण, तिथली ही दोन्ही शिखरं एका दिवसात पायी. बेत चांगला आहे. फक्त तुझ्या वेळापत्रकात धूपगड सकाळी आणि चौरागड दुपारी आहे, ते आधी उलटं कर.

धूपगडाच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, चौरागडावर तो नाही. दुसऱ्या शिखरावर पोचेपर्यंत पाय, पाणी आणि उजेड ही तिन्ही संपत आलेली असतात. त्या वेळी कुणाचा गुडघा धरला तर धूपगडावरून जिप्सीत, म्हणजे तिथल्या भाड्याच्या जीपमध्ये, बसवून खाली आणता येतं. चौरागडावर तोच माणूस पायऱ्या मोजत अंधारात उतरणार. धूपगडाचा सूर्योदय हुकेल, हे खरं. पण सूर्यास्तही तिथूनच बघतात, आणि तो तुझ्या वेळेत आपोआप बसतो.

उंचीच्या आकड्यांनी गांगरू नकोस. धूपगड सुमारे १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक. चौरागड त्याहून थोडा कमी. पण पचमढी गावच हजार मीटरच्या वर वसलंय, म्हणून प्रत्यक्ष चढ तेवढा नाही. महादेव गुहेपासून चौरागड एका बाजूनं साडेतीन-चार किलोमीटर, आणि वाट आधी उतरते, मग चढते, म्हणून हिशोबात ४०० मीटर चढ धर. वरचा भाग पायऱ्यांचा, तेराशेच्या आसपास. धूपगडासाठी जिप्सीवाल्याला माथ्याच्या चारेक किलोमीटर अलीकडे उतरवायला सांग आणि २५० मीटर चढ धर. गाव ते महादेव आणि गाव ते धूपगड हे दहा-दहा किलोमीटरचे टप्पे पायी करायचा हट्ट करू नको. त्यानं शिखर वाढत नाही, डांबर वाढतं.

वेळ काढायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली मांडलेला हिशोब आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर १०० मीटर चढाला वरून १० मिनिटं. चौरागडाला हे लावलं तर साडेतीन किलोमीटरची ४२ अधिक चढाची ४०, म्हणजे ८२ मिनिटं येतात. पण हा आकडा न थांबता चालणाऱ्या तयार माणसाचा आहे. पायऱ्या, गर्दी, चौघांतला सगळ्यात हळू चालणारा, हे सगळं धरून त्याची दीडपट कर: दोन तास. उतरायला दीड.

आता दिवस उलटा मांड, सूर्यास्तापासून मागे. त्या आठवड्यात सूर्य साधारण साडेपाचला बुडतो. माथ्यावर पाच वाजता पोचलंच पाहिजे. धूपगडाच्या चढाला पावणेदोन तास लागतील, म्हणजे सव्वातीन ही शेवटची वेळ. सव्वातीनला पहिलं पाऊल पडलं नसेल तर तो चढ पायी करायचा नाही, जिप्सीनं वर जायचं. हे घरूनच ठरवून चौघांकडून वदवून घे. तिथे गेल्यावर प्रत्येकाला ‘अजून होतंय ना’ असंच वाटतं. प्रत्यक्षात मात्र अडीचला निघण्याच्या बेतानं चाल, म्हणजे पाऊण तास हाताशी राहतो. सकाळी सातला महादेवहून सुरुवात, नऊला वर, नऊ चाळीसला उतरायला लागायचं, सव्वाअकराला खाली. सूर्योदय पावणेसातच्या सुमाराचा, त्यामुळे सातच्या आधी निघूनही फारसं काही हाती लागत नाही.

धूपगडावरून पायी उतरायचं नाही. हा सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि संध्याकाळ ही त्यांची वेळ. सूर्य बुडाला की सगळ्या जिप्स्या एकदमच खाली सुटतात आणि तेव्हा वर रिकामी जागा शोधणं व्यर्थ. आपली जिप्सी माथ्यावर थांबेल, हे सकाळीच भाड्यासकट ठरवून घे. जादा कपड्यांची बॅग तीच घेऊन जाईल. आदल्या दिवशी बायसन लॉजजवळ वनखात्याच्या काउंटरवर दोन गोष्टी विचार: धूपगडाच्या रस्त्यानं पायी जाऊ देतात का, आणि गाइड घ्यावा लागेल का. नाही म्हणाले तर तिथे हुज्जत घालायची नाही. बेत बदलायचा.

सराव. नागपूर सपाट, हे रडगाणं मला सांगू नको. सेमिनरी हिल्सवर फिरणं फुप्फुसांना बरं, पण तुला पाहिजे पायऱ्या, आणि त्याही उतरायच्या. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन धरून ठेवतो. त्यामुळे तो चढण्यापेक्षा जास्त दुखावतो. म्हणून दहा मजली इमारतीत चढून लिफ्टनं खाली येणाऱ्याचा सराव अर्धाच होतो. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे दहा मजले सात वेळा केले की दोनशे मीटरच्या वर झाले. आठवड्यात दोनदा, सहा आठवडे, पाठीवर चार किलो घेऊन.

आणि खरा सराव रामटेकला. अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्या चढून गडमंदिर, खाली, मग तीन तास काही न करता बसायचं, जेवायचं, आणि पुन्हा तेच. पहिल्यांदा चढताना काही कळणार नाही. दुसऱ्यांदा पहिल्या पन्नास पायऱ्यांत पाय लाकडासारखे वाटतील, पोट जड वाटेल, आणि मन म्हणेल की पुरे. दोन शिखरांच्या दिवसात अवघड असते ती ही दुपारची सुरुवात. ती एकदा-दोनदा सोसून झाली की पंधरा मिनिटांत अंग मोकळं होतं, हे तुला ठाऊक असेल आणि पचमढीत तू घाबरणार नाहीस. शेवटचे सहा-सात दिवस मात्र फक्त चालणं. चौघांनी एकदा तरी एकत्र रामटेक कर. कोण हळू आहे ते तिथे कळू दे, आणि पचमढीत त्यालाच पुढे ठेव.

बूट: चौरागडाच्या वाटेवर दगड आणि सिमेंट आहे, तिथे कडक तळव्याचे ट्रेकिंग बूट टाचेला ठोके देतात. चांगल्या गादीचे, महिनाभर वापरलेले स्पोर्ट्स शूज घे. नखं तीन दिवस आधी काप. चढताना लेस जरा सैल चालते. उतरायला लागण्याआधी खाली बस, टाच मागे ठोक, घोट्याजवळची शेवटची दोन भोकं घट्ट ओढून बांध. पाऊल पुढे सरकलं नाही तर अंगठ्याचं नख काळं पडत नाही. सुती मोजे घामानं ओले राहतात आणि फोड आणतात. सिंथेटिक किंवा लोकरीचे घे, आणि दुपारी कोरडी जोडी घाल. मंदिरात बूट काढावे लागतात, तेव्हाच मोजेही काढून पाय वाळव.

पाणी तासाला अर्धा लिटर, म्हणजे चौरागडाला माणशी दोन लिटर, धूपगडाला दीड. वाटेत लिंबूपाण्याच्या टपऱ्या असतात, पण त्यांच्या भरवशावर रिकामी बाटली नेऊ नको. एका बाटलीत ओआरएस. दुपारी बारापर्यंत लघवीला जावंसं वाटलं नाही किंवा रंग गडद दिसला, तर पाणी कमी पडलंय. धूपगडाआधी ते भरून काढ. त्या दिवसांत आपली संत्री आलेलीच असतात, सौंसरच्या वाटेवर मिळतात; साखर आणि पाणी दोन्ही देतात, मीठ देत नाहीत, म्हणून जोडीला खारे शेंगदाणे. सालं पिशवीत परत आण. माकडं पॉलिथिनची पिशवी हातात दिसली की झडप घालतात, तेव्हा खाणं बॅगच्या आत, चेन लावून.

आदल्या रात्री सावजी नाही. सकाळी तर्री-पोहेही नाहीत. तेलातिखटानं पायऱ्यांवर काय होतं हे वर्णन करण्यासारखं नाही. सकाळी दोन पोळ्या, गूळ, केळं. दुपारी वरण-भात किंवा पोळी-भाजी, भूक असेल त्याच्या पाऊणपट, आणि साडेबारापर्यंत उरकायचं. जेवून झोपायचं नाही. वीस मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर, मग दर अर्ध्या तासानं खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या.

डिसेंबरात पहाटे पारा चार-पाच अंशांवर येऊ शकतो आणि दुपारी घाम फुटतो. धूपगडावर घामेजलेल्या बनियनवर वारा लागला की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. वर पोचल्याबरोबर आधी कोरडा शर्ट आणि जॅकेट, फोटो मग. प्रत्येकाजवळ स्वतःचा हेडलॅम्प, चौघांत एक नव्हे. क्रेप बँडेज दोन. मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नको. कुठं किती वाजता भेटायचं ते जिप्सीवाल्याला तोंडी सांगून ठेव.

तारीख पुढे ढकलावी लागलीच तर महाशिवरात्रीचे दिवस टाळ. तेव्हा चौरागडावर त्रिशूळ खांद्यावर घेतलेली सगळी गर्दी त्याच पायऱ्यांवर असते, नेस्मिथचा हिशोब कुठेच लागत नाही. पावसाळ्यात पचमढीला भरणाऱ्या नागद्वार यात्रेच्या दिवसांतही नको. अर्ध नागपूर एसटीनं तिथे आलेलं असतं, आणि पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर चांगले चांगले आपटतात.

शुक्रवारी दुपारीच निघा, रात्रीचा प्रवास करून पहाटे चढायला लागू नका. छिंदवाड्यानंतर तामिया, मटकुलीकडचा घाट अंधारात पोरांनी चालवण्यासारखा नाही. शनिवारी धूपगडावरून उतरून त्याच रात्री नागपूर गाठायचं जे लिहिलंयस, ते खोडून टाक. दमलेल्या माणसाला स्टिअरिंगवर डुलकी लागते. मुक्काम कर, रविवारी नाश्त्यानंतर निघ. तामियाला गाडी थांबवून सगळ्यांना दहा मिनिटं चालव, छिंदवाड्याला पुन्हा, नाहीतर सावनेरला उतरताना एकेकाला हात धरून काढावं लागेल.

रामटेकचे दोन्ही चढ किती मिनिटांत झाले ते कळव. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा सव्वापट वेळ लागला तर ठीक. दीडपट लागला तर तारीख आपण दोन आठवडे पुढे नेऊ.

कळावे.
तुझा काका